कापलेल्या कुरणातलं काटेरी झाड

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी जळत होते. दोन हजार एकवीसचा जून. बोटी नुकत्याच पुन्हा सुरू झाल्या होत्या. माझा नवरा यशोधन, त्याच्या ऑफिसातली स्वरूपा आणि मी, तिघं सायकली घेऊन आगबोटीनं सरोवरापलीकडे निघालो होतो. करोनामुळे बोटवाला माणसं मोजून घ्यायचा. आमच्याकडे बघून म्हणाला, "थ्री. ग्रँड." परदेशातल्या या भागात 'ठीक'ला 'ग्रँड'च म्हणतात.

पलीकडे उतरल्यावर ती दोघं पुढे आणि मी मागे, धापा टाकत. आजूबाजूला गाई, कापलेलं गवत, शेणाचा वास. वळणापलीकडून त्यांचं हसू ऐकू आलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वर्षभर हा माणूस घरातच बसून काम करत होता, पण माझ्याशी दोन शब्द हसून बोलला नव्हता.

त्यात त्या दिवशी वटपौर्णिमा. इकडे वड कुठला? आम्ही बायका वडाच्या चित्राची प्रिंट काढून भिंतीला चिकटवतो. यंदा मात्र मला कागदावर भागवायचं नव्हतं. सुताची गुंडी बॅगेत होती. एका कुरणाच्या मधोमध एकटंच काटेरी झाड दिसलं. शेतकऱ्यानं सगळं गवत कापलं होतं, फक्त त्या झाडाभोवतीचं तेवढं ठेवलं होतं.

फाटकापाशी एक म्हातारी उभी होती. गुंडी बघून हलक्या आवाजात म्हणाली, "तिच्या वाटेला जाऊ नकोस, पोरी. ती फार वर्षं वाट बघतेय..."

झाडाला 'ती' म्हणते! मला हसू आलं. मी आत शिरले.

सात जन्म हाच नवरा मिळू दे, म्हणत फेरे सुरू केले. तिसऱ्या फेऱ्याला वारा पडला. ओल्या लोकरीचा वास आला. माझ्यामागे गवत दबत होतं... मी थांबले की तेही थांबायचं. वळून बघायचा धीर झाला नाही. कसेबसे सात फेरे पुरे केले आणि खोडावरचे वेढे मोजले.

चौदा होते.

परतताना यशोधन मागे पडला. स्वरूपा एकटीच पुढे गेली, म्हणून मला आधी बरंच वाटलं.

"सायकल जड झालीय गं," तो धापा टाकत म्हणाला. "मागे कोणी बसल्यासारखी..."

धक्क्यावर बोटवाल्यानं मोजलं. "फोर."

"थ्री," मी म्हटलं.

त्यानं यशोधनच्या बाजूला नीट बघितलं. "फोर," तो पुन्हा म्हणाला आणि पुढे सरकला.

मी समोरच्या बाकावर स्वरूपाशेजारी बसले. तिचा हात घट्ट धरला. तीही यशोधनकडेच बघत होती.

तो बाकाच्या अगदी कडेला बसला होता. शेजारची जागा रिकामी होती. तिकडे वळून तो हसला आणि वर्षभरात मी न ऐकलेल्या मायेनं म्हणाला,

"सरक ना गं थोडी."