पालझादाच्या किनाऱ्यावरची पावलं

मिठाच्या पापुद्र्यावर उमटलेल्या पावलांचा माग काढत पालझादा वळणापर्यंत आली, आणि पावलांचा धनीच समोर उभा राहिला. खांद्यावर जाळं, हातात पाण्याचा कॅन, ओठांवर हसू.

त्या हसण्यावर तिचा मुळीच विश्वास बसला नाही.

अरल समुद्र आटत आटत उस्त्युर्त पठाराच्या कड्याला टेकला, मासे संपले, आणि खाऱ्या पाण्यात उरली ती इवलीशी कोळंबी. तिची तांबडी अंडी वाऱ्यासरशी काठाला लागत. ती गोळा करून विकण्यावर गाव जगत असे. प्रत्येक घराचा किनारा काठी रोवून ठरलेला. दुसऱ्याच्या काठीपलीकडे जाळं टाकणाऱ्याला हंगामभर किनारा बंद! यंदा शेजाऱ्यांच्या काठाला जाड तांबडा पट्टा येई, पालझादाच्या काठाला मात्र पुसटशी रेघ. आणि तिथली पावलं होती हंगामासाठी मुयनाक गावाहून आलेल्या या एसबेर्गेनची.

"काय पाहुणे, वाट चुकलात?"

"रोजच चुकतो."

"रोज, आणि बरोबर माझ्याच काठावर?"

"वाटच तशी आहे... मी काय करणार!"

"कॅनमध्ये काय आहे?"

"पाणी. तुमच्याच काठाचं. पितो मी."

"आमच्या घरात कुणी ते कधी जिभेला लावलं नाही. नुसतं मीठ आहे ते! थाप मारायची तर पचेल एवढी तरी मारावी. गावचे ताजिमुरात आजोबा येताहेत निवाड्याला, त्यांना सांगा हे."

एसबेर्गेनचा चेहरा उतरला. किनारा बंद झाला, तर त्याला रिकाम्या हातांनी परतावं लागणार होतं.

"सांगेन. पण आधी तुम्ही चाखून बघा."

त्याने पुढे केलेला कॅन तिने घेतला नाही. भरलेला कॅन काय, कुठेही भरता येतो! ती स्वतः काठाशी गेली. तिथे रोहित पक्षी माना वाकवून पाणी पीत होते. तिने ओंजळ भरली, ओठांना लावली—

पाणी गोड होतं.

तिने पुन्हा एका तळहातात पाणी घेतलं आणि खांद्यावरच्या पोत्यातले अंड्यांचे चिमूटभर दाणे त्यात टाकले. खाऱ्या पाण्यावर तरंगणारे ते दाणे क्षणभर घोटाळले, मग एकेक करून तळाशी गेले. कड्याखालून झरा फुटला होता. तिचं पीक कुणी नेत नव्हतं. ते तिथेच बुडत होतं.

तरीही तिची नजर निवळली नाही. "एक दिवस तहान समजू शकते. रोज कशाला?"

"पहिल्या दिवशी तहानच होती... नंतर कॅन भरलेला असायचा."

"मग?"

"वाटेत ओतून यायचो." त्याचे कान लाल झाले होते.

तेवढ्यात आजोबा येऊन पोहोचले. "हं पोरी, नाव सांग. कुणाचा किनारा बंद करू?"

"या झऱ्याचा करता आला तर बघा."

आजोबांनी पाणी चाखलं, दाढी खाजवली. "अरेच्चा! काठी पलीकडे रोवून देतो तुझी. पण झऱ्याला पाय असतात होय गं? ही पावलं परक्या माणसाची आहेत."

पालझादाने एसबेर्गेनला पुन्हा एकदा नखशिखांत न्याहाळलं.

"परक्याची नाहीत, आजोबा."

आजोबा खोकल्याचं निमित्त करून वळले. ती हळूच म्हणाली, "आणि पाहुणे... मुयनाकला कुणी वाट बघणारी असेल, तर आत्ताच सांगा."

"आई आहे."

"ती चालेल," पालझादा म्हणाली.