नेविलची अर्धी रोझरी

मंगळवारी ऑफिसातून लवकर निघून मी बाळकुमला नेविलच्या घरी गेलो, कारण बिघाड मीच करून ठेवला होता. नेविल माझा जुना मित्र, गेल्या वर्षी गेला. त्याच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. रविवारी नको तो शहाणपणा करून मी खोपटला माझ्या घरी बसूनच, इंटरनेटवरून त्याचं अपग्रेड सुरू केलं आणि मध्येच तिकडची वीज गेली. आवाजाचं पॅकेज अर्धवट बसलं, मशीन मुकं झालं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. नेविल बोटीवर नोकरीला होता. आई एकटी पडते म्हणून त्याने स्वतःच्या आवाजात रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, रेकॉर्ड करून ठेवली होती. रोज संध्याकाळी सातला मशीन ती आपोआप लावायचं. 'नमो मरिये'चा पहिला भाग तो म्हणायचा आणि थांबायचा. उरलेला त्याची आई, जुलियाआंटी, म्हणायच्या. तो गेल्यावरही यात एकही दिवस खंड पडला नव्हता. रविवारपासून मात्र आंटी सातला मेणबत्ती लावून नुसत्या बसत होत्या. मला फार लाज वाटली.

घरात मेणाचा आणि सुक्या बोंबलांचा वास होता. मी दुरुस्तीची कमांड दिली. मशीनने नकार दिला: पॅकेज दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवलंय. कुणी, ते पाहिलं. नाव नेविलचं होतं. रविवारचंच काहीतरी अडकलं असेल म्हणून मी ते बंद केलं. क्षणात पुन्हा नेविल, आणि सुरू झाल्याची वेळ आत्ताची. मशीन रीस्टार्ट केलं, तरी तेच.

"आंटी... नेविलच्या नावाने कुणीतरी अडवतंय."

त्यांनी वाकून स्क्रीनवरचं नाव वाचलं. "तो नको बोलतो?"

"तसंच दिसतंय..."

"बोलू दे. तू कर, बाबा. अर्धी रोझरी माझ्याच्याने होत नाय."

मग मी मशीनवरचं नेविलचं खातंच काढून टाकलं, त्याची फाइल तेवढी ठेवली. पॅकेज मुकाट बसलं.

सातला नेविलचा आवाज आला. आंटींचं एकही उत्तर चुकलं नाही. मी रडलो, लपवत नाही. शेवटी घरातल्या मेलेल्यांची नावं घेतात. रेकॉर्डिंगमध्ये एकच नाव होतं, त्याच्या वडिलांचं. नेविल म्हणाला, "निकोलस." तिथे ते संपायला हवं होतं. तो जरा थांबला. मग अगदी हळू, मनाविरुद्ध बोलावं तसा म्हणाला... "जुलिया."

"आमेन," आंटी म्हणाल्या. इतका शांत चेहरा मी त्यांचा वर्षभरात पाहिला नव्हता. तो हेच नाव अडवत होता आणि मी त्याला बाजूला केलं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

निघण्याआधी मी ती फाइल पाहिली. मशीनचं घड्याळ बरोबर होतं, दोनदा तपासलं. फाइल शेवटची बदलल्याची तारीख मात्र होती येत्या शुक्रवारची, संध्याकाळी सात वाजून चार मिनिटांची.

आंटींना मी काही सांगितलेलं नाही. आज गुरुवार आहे. उद्याची मी सुट्टी टाकली आहे.