दारव्हा रोडवरचे हॉर्न

“हसू नका. गोपाल माह्या साडभावाचा पोरगा हाय, नेरचा. त्यानं सांगितलं तेच सांगतो, पदरचं काही नाही,” असं म्हणत विठ्ठलरावांनी शेकोटीत कापसाची वाळकी पऱ्हाटी सरकवली. पोरं जवळ सरकली आणि विठ्ठलरावांनी सुरुवात केली.

गोपालची एक पिकअप आहे. मिळेल तो माल वाहायचा, हा धंदा. गेल्या वर्षी दत्तजयंतीला, गुरुवारी, दिवेलागणीला त्याला मधुसूदन साहेबांचा फोन आला. यवतमाळबाहेर मोटारींचे हॉर्न बनवायचा कारखाना होता, त्याचे हे मॅनेजर.

“थोडं भंगार रात्री दारव्ह्याला पोचवायचंय. मागच्या दारानं ये. आणि घरी बोलू नकोस.”

घरी म्हणजे अर्पिताला. गोपालची बायको लग्नाच्या आधीपासून त्याच कारखान्यात हॉर्न जुळवायची. मग मोटारी बनवणारी मोठी कंपनी बुडाली. तिनं इथला गाशा गुंडाळला आणि तिच्या जिवावर चालणारा हा कारखानाही बंद पडला. चुकीच्या गाड्या बाजारात कोणी आणल्या? मोठ्या साहेबांनी. घरी कोण बसलं? हॉर्न जुळवणाऱ्या बायका. आहे की नाही न्याय!

तेव्हापासून कामगार, त्यांत अर्पिताही, पुढच्या गेटवर मंडप टाकून बसले होते. मागणी एकच, आतले साचे हलवायचे नाहीत. पत्र्याला आकार देणारे ते लोखंडी साचे. साचे राहिले तर उद्या दुसरा कोणी कारखाना चालवेल. साचे गेले की नुसत्या भिंती.

त्या मंडपातच त्यांच्यातला फुलसिंग वारला. दिवाळीनंतरच्या थंडीत, बसल्या बसल्या. तांड्यावरचा माणूस. तयार झालेला प्रत्येक हॉर्न तो वाजवून बघायचा. एकदा लांब, एकदा तोकडा. “लांब कंपनीचा, तोकडा आपला,” म्हणायचा. तो गेला तशी त्याची बायको बिजलीबाई त्याच्या जागेवर येऊन बसली.

लोक दत्ताच्या प्रसादाला गेल्यामुळे मंडप त्या रात्री निम्मा रिकामा होता. साहेबांनी दिवस बरोबर साधला होता. मागच्या दाराशी हमालांनी पोत्यात बांधलेलं काहीतरी पिकअपमध्ये चढवलं, वरून हॉर्नचे खोके रचले. गाडी खाली बसली.

“साहेब, भंगार एवढं जड काहून?”

“साचे आहेत. बाहेरच्या देशातलं गिऱ्हाईक मिळालंय.”

“म्हणजे हॉर्न तिकडं बनतीन?”

“तिकडे बनतील, इकडे विकायला येतील. तुला काय करायचंय? काढ गाडी.”

गोपालच्या डोक्यात तिडीक गेली. पण हो म्हणून बसला होता, गाडी भरली होती. तो गप्प बसला. साहेबांपेक्षा त्या गप्प बसण्याचाच त्याला जास्त संताप आला, आणि त्या संतापातच त्यानं गाडी काढली.

पौर्णिमेचं टिपूर चांदणं. दोन्ही बाजूंना वेचणी झालेली कापसाची वावरं. रस्ता दूरवर मोकळा दिसत होता.

मागून हॉर्न वाजला.

गोपालनं गाडी बाजूला घेतली. कोणीच पुढे गेलं नाही. आरशात पाहिलं. रस्ता पांढरा, रिकामा.

पुन्हा वाजला. लांब. मग तोकडा.

त्यानं वेग वाढवला. आवाज मागे पडेना. मग त्याच्या ध्यानात आलं. आवाज रस्त्यावरून येतच नव्हता. मागच्या हौद्यातून येत होता. बंद खोक्यांतून. ना तार, ना बॅटरी.

त्यानं गाडी थांबवली. खाली उतरायचं धाडस होईना.

लांब. तोकडा.

आणि फोन वाजला. अर्पिता.

“कुठं हाय तुम्ही? इकडं या लवकर. कारखान्यातून हॉर्न वाजून राह्यले. आत कोणी नाही, लाईट तं कधीचीच कापली. बिजलीबाई म्हणते, हे तं…”

ती थांबली. फोनमधून हॉर्न आला. लांब.

गोपालच्या पाठीमागून आला. तोकडा.

“अर्पिता…”

“काय?”

“साचे… माह्या गाडीत हायेत.”

   

“फिरवा,” ती म्हणाली. फोन कट.

त्याच क्षणी सगळे खोके एकदम वाजले. अंगावर चालून येणाऱ्या जमावासारखे. काचा थरथरल्या. स्टिअरिंग हातात ठरेना. त्यानं कशीबशी गाडी वळवली.

तोंड यवतमाळकडे झालं.

सगळं गप्प.

गेटवर पोचला तेव्हा अख्खा मंडप रस्त्यावर उभा होता. अर्पितानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. “उतरवा,” ती बाकीच्यांना म्हणाली. मधुसूदन साहेब मागच्या दाराकडून धावत आले. “कंपनीचा माल आहे हा! चोरीची केस करीन सगळ्यांवर!”

“चोरी?” अर्पिता त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. “रातच्याला मागच्या दारानं तुम्ही पळवता, अन् चोर आम्ही? करा केस! आम्हीच करतो!”

 केस खरंच झाली, कामगारांनीच केली. निकाल लागेपर्यंत साचे यवतमाळातच राहणार आहेत. अर्पिता मात्र गोपालशी संक्रांतीपर्यंत बोलली नाही.

पण साचे उतरवताना झालं ते असं. पोती सोडली तर सगळ्या साच्यांवर गंज. कित्येक महिने पत्रा नाही, वीज नाही, यंत्र हललेलं नाही. शेवटच्या साच्याच्या दोन फाका वेगळ्या केल्या, तर आत हॉर्नची पातळ चकती होती. कोरी. चांदण्यात लखलखणारी.

बिजलीबाईनं ती उचलली आणि चटकन पदरात टाकली.

हात पोळला होता.