लॉरीकाकाला मारलेली हाक

दार ओढून घे कॅलम, आणि तो मोबाइल खिशात ठेव. सांगतोय ते रॉय बार्नबीचं आहे, माझ्या शेजाऱ्याचं. हसायचं तर आत्ताच हसून घे. घरी तुला त्याच रस्त्यानं जायचंय.

मागच्या वर्षीची एकवीस जूनची रात्र, शुक्रवार. रॉयची आत्या एनिड अंथरुणाला खिळलेली होती. चौऱ्याण्णव वर्षांची. दुखणं थांबवायचं औषध संपलं, म्हणून रॉय लिंकन शहरात ते आणायला निघाला.

"गाय हाकल्यासारखी गाडी चालवू नकोस," आत्या म्हणाली. मग तिनं त्याची बाही धरली. "येताना जुन्या धावपट्टीवरून ये. लॉरीला हाक मार."

लॉरी तिचा थोरला भाऊ, दुसऱ्या महायुद्धात त्याच धावपट्टीवरून उडाला तो परत आलाच नाही. तेव्हा एकोणीस वर्षांचा, बाँबफेकी विमानातला शेपटीकडचा गनर, म्हणजे मशीनगन चालवणारा. तिथं तो एकटाच, मागे तोंड करून बसायचा. त्या लोकांची एक रीत होती. वैमानिकानं अधूनमधून विचारायचं, मागे ठीक आहेस ना? उत्तर आलं नाही, तर कुणीतरी उठून मागे बघून यायचं.

युद्ध संपल्यावर वैमानिक घरी आला होता. चहाला हात न लावता म्हणाला, "विमान पेटलं होतं. दोनदा हाक मारली, उत्तर आलं नाही. आम्ही उड्या टाकल्या." मागे बघायला कुणी गेलं नव्हतं.

तेव्हा लॉरी मेलेला होता, की नुसती बोलायची तार तुटली होती? आत्या जन्मभर एवढंच विचारत राहिली.

"हे कळल्याशिवाय मला मरता येत नाहीये, रॉय."

औषध घेऊन रॉय परत फिरला. अकरा वाजून गेले होते. धावपट्टीवर दोन्ही बाजूंना कोंबड्यांच्या शेड, बाकी काही नाही. त्याला स्वतःचंच हसू आलं. पासष्टीचा माणूस, आणि एकोणीस वर्षांच्या पोराला काका म्हणायचं.

"लॉरीकाका, मागे ठीक आहेस ना?"

काही नाही.

"लॉरीकाका..."

गाडीत गारठा शिरला. रॉयच्या तोंडातून वाफ निघाली. मागच्या सीटपलीकडे काहीतरी ठोकल्यासारखं झालं. थांबलं. पुन्हा झालं. घाईघाईनं. अडकलेला माणूस आतून ठोकतो तसं.

रीत त्याला ठाऊक होती. थांबायचं. मागे बघायचं.

मान वळेना...

त्यानं आरसा वर फिरवला आणि गाडी दामटली.

आत्या अजून जागी होती.

"उत्तर आलं?"

"नाही."

"मग मागे पाहिलंस?"

रॉय बाटलीच्या झाकणाशी खटपट करत राहिला.

"रॉय..."

त्यानं औषधाचा चमचा तिच्यापुढे धरला.

"तूसुद्धा," ती म्हणाली, आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं. औषध घेतलं नाही. पहाटे गेली.

उजाडल्यावर रॉयनं मला बोलावून घेतलं. अंगणात चांगलं ऊन पडलं होतं. गाडीच्या मागच्या काचेवर आतून बर्फाचा थर होता. मधोमध तळहाताएवढी जागा पुसलेली, बाहेर बघता येईल एवढी. गाडीत कुणी नव्हतं.

आम्ही तिथं उभे होतो, तोवर ती जागा पुन्हा पांढरी झाली...

आणि पुन्हा पुसली गेली.