तेल टाकलं

"याला आधी आत घाला. मग बोलू."

काकासाहेब औताड्यांनी बिडकीन ठाण्याच्या टेबलावर पेट्रोलची बाटली आदळली आणि बाकावर बसलेल्या फारूख मिस्त्रीकडे बोट केलं. सोमवारची सकाळ होती. फौजदार बद्रीनाथ खरातांचा चहा अजून कपातच होता. बाटली आदळली तसा तो बशीत आला.

बाटलीत एकनाथच्या गाडीतलं पेट्रोल होतं. एकनाथ हा काकासाहेबांचा एकुलता एक मुलगा, मातीतल्या मोटारसायकल शर्यतींचा चॅम्पियन. आदल्या दिवशी बिडकीनजवळच्या माळावर मोसमातली शेवटची शर्यत होती. दुसऱ्याच फेरीत, मोठ्या उडीच्या अलीकडे, एकनाथच्या गाडीचं इंजिन जाम झालं. मागून येणारा सिल्लोडचा पोरगा त्याच्यावर येऊन आदळला. त्या पोराचा गुडघा फुटला आणि एकनाथचं खांद्याचं हाड मोडलं.

"टू-स्ट्रोक गाडीय, साहेब," काकासाहेब म्हणाले. "पेट्रोलमधी तेल मिसळल्याबगर चालत नाय. तुमच्या स्कूटरमधी टाकतेत तसंच. हे बगा, निव्वळ पेट्रोल! मिसळायचं काम याचं. याला सिल्लोडच्या तात्यासाहेबानं, त्या पोराच्या मालकानं, फोडला."

खरातांनी वर्तमानपत्राच्या कपट्यावर बाटलीतला थेंब सोडला. थेंब उडून गेला, कागद कोरडाच राहिला. तेल असतं तर भज्याच्या कागदासारखा डाग राहिला असता.

"मह्या बापानं, पुंजारामानं, शंकरपटात बैल पळवले," काकासाहेब थांबेनात. "म्या राजदूत पळवली. पोरानं आमच्या दोघांच्या वर नाव काढलं. काल जिंकला असता तर गाडीच्या कंपनीच्या संघात जाणार व्हता, दोन वर्सं. समदं बोलणं झालतं. आन् हा, घरात वाढलेला, यानं माती केली."



खरातांनी काकासाहेबांना बाहेर बसवलं.

"टाकी कुणी भरली?"

"मी नाही, साब."

"मग कुणी?"

"मी गावात चेनचं लॉक आणायला गेलतो. आलो तर टाकी भरलेली. मी विचारलं, तेल टाकलं का? जवाब आला, टाकलं. तेवढ्यात शर्यतीचा पुकारा झाला."

"जवाब कुणाचा?"

फारूखनं वर पंख्याकडे पाहिलं. "गर्दी होती, साब."

"तुमच्या तंबूत घरच्यांशिवाय कुणाला सोडत नाहीत, असं काकासाहेब म्हणतात."

"गर्दी होती."

"अरे बाबा, ते फिर्याद द्यायला बसलेत. संध्याकाळपर्यंत मला तुझं नाव लिहावं लागेल. उद्या तुझ्या गॅरेजात कोण गाडी लावेल? कळतं का?"

"कळतं."

"मग बोल की!"

"काय बोलू, साब. तुम्ही लिहा."

खरातांनी टोपी डोक्यावर घातली ती उलटी बसली. गुन्हेगार लपवतात, ते त्यांना चालायचं. ज्याच्या गळ्याशी आलंय तोच लपवतो, तेव्हा त्यांचं डोकं फिरायचं.

"चला, जागा दाखवा," ते बाहेर येऊन काकासाहेबांना म्हणाले. "तुमची गाडी काढा."

"मही हिरो होंडा चितेगावात पडलीय. काल पोराला जीपमधी घातलं, म्या मागून निघालो, तर निम्म्यात पेट्रोल खलास! शर्यतीला येताना टाकी फुल केलती. पोरगं दवाखान्यात आन् बाप गाडी ढकलतोय."

"गळत असेल."

"गाडी गळत नाय, साहेब. नशीब गळतंय."

दोघं खरातांच्या स्कूटरवर निघाले. ती चार वेळा बंद पडली. चारही वेळा काकासाहेबांनी न विचारता सल्ला दिला.

औताड्यांचा तंबू अजून माळावर उभा होता. आत फारूखचा कॅन होता, अगदी काठोकाठ भरलेला. खरातांनी त्यातला थेंब कागदावर सोडला. पेट्रोल उडालं, चिकट डाग राहिला.

"यातलं तेल टाकीत कुणी ओतलं असेल?"

"पेट्रोल म्हणा, साहेब. हितं लोक पेट्रोललाबी तेल म्हणतेत आन् डिझेललाबी तेलच. आमच्यात ते चालत नाय. तेल म्हंजे तेल. मागं एकानं असाच घोळ केलता, मही राजदूत गेली कामातून. लहानपणी एकनाथनं त्या एका शब्दापायी थापड खाल्लीय."

"या कॅनमध्ये तेल आहे, काकासाहेब. फारूखनं मिसळलं होतं."

"मागून मिसळलं आसंल. अंगावर येऊ नाय म्हणून."

खरात चिडून मैदानात गेले. अपघातानंतर शर्यत थांबवली होती, त्यामुळे जागा तशीच होती. एकनाथच्या टायरचा ठसा मधल्या वाटेवरून कडेला आला होता. खळगी, गाठ, खळगी, गाठ. एखाद्यानं सावकाश गाडी कडेला घ्यावी तसा. टक्कर झाली तिथं मात्र माती उधळलेली होती.

खरातांची स्कूटर एकदा पैठणहून येताना अशीच जाम झाली होती. मागचं चाक जागच्या जागी अडकलं होतं आणि रस्त्यावर लांबलचक काळा पट्टा उमटला होता. इथं ओरखडाही नव्हता.

"घसरल्याची खूण नाही," ते म्हणाले.

"हातच तसाय त्याचा," काकासाहेब अभिमानानं म्हणाले. "जाम झालेली गाडीबी कडंला आणली पठ्ठ्यानं."

औरंगाबादेत घाटी दवाखान्यात एकनाथ पट्टे बांधून पडला होता. उशाशी त्याची आई भागूबाई मोसंबी सोलत होती. काकासाहेब खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. खरातांनी स्टूल ओढलं.

"टाकी कुणी भरली, एकनाथ?"

"म्या."

"तू?" काकासाहेब पुढे झाले. "मंग कामून नाय सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठं, आबा? तुमी तडक ठाण्यात गेलात."

"कशातून भरलीस?" खरातांनी विचारलं.

"कॅनमधून."

"फारूख काय म्हणाला?"

"तेल टाकलं का, म्हन्ला. म्या म्हन्लं, टाकलं. म्हंजे पेट्रोल टाकलं. आपल्याकडं तेलच म्हणतेत की, साहेब."

खरात थकले. एक सांगत नव्हता, एक ओरडत होता आणि हा तिसरा सगळं सरळ सांगत होता, तरी काही बसत नव्हतं.

भागूबाईंनी मोसंबीची फोड पुढे केली. "गोळी घेतली का रं?"

"घेतली, माय."

खरातांचा हात गुडघ्यावर तसाच राहिला.

त्यांची बायको गेली त्या वर्षी ते रोज ड्यूटीवरून आल्यावर हेच विचारायचे. गोळी घेतली का? ती म्हणायची, घेतली. ती गेल्यावर गादी उचलली, तर खाली गोळ्या सापडल्या. तिनं गोळी घेतली होती, हातात. ती खोटं बोलली नव्हती. एक शब्द तिनं अर्धाच ठेवला होता, आणि उरलेला अर्धा त्यांनी आपल्या मनानं भरला होता.

ते उठले, वॉर्डाबाहेरच्या फोनवरून ठाण्यात बोलले. हवालदार फारूखला घेऊन येईपर्यंत ते वॉर्डाच्या दारातच उभे राहिले. काकासाहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा कपाळाला हात लावला.

फारूख दारात आला तेव्हा खरातांनी त्याला आत घेतलं.

"काकासाहेब, तुमची हिरो होंडा कुठं उभी होती?"

"तंबूच्या मागं. कामून?"

"ती फोर-स्ट्रोक. तिच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळत नाहीत. भरलेली टाकी चितेगावात रिकामी झाली, कारण तिच्यातलं पेट्रोल नळीनं काढून शर्यतीच्या गाडीत गेलं. हा कॅनमधून भरली म्हणतो, पण फारूखच्या कॅनला कुणी हातच लावला नाही, तो काठोकाठ भरलाय. फारूखनं आपलं काम चोख केलं होतं."

"मंग सिल्लोडच्या मान्सानं..."

"सिल्लोडचाच पोरगा याच्या चाकामागं होता. मोडायच्या गाडीच्या मागं आपला माणूस कोण ठेवील? आणि तंबूत तुमच्या घरच्यांशिवाय होतं कोण?"

काकासाहेबांनी भागूबाईंकडे पाहिलं. भागूबाईंनी मोसंबीची साल खाली ठेवली.

"मातीत ओरखडा नाही," खरात म्हणाले. "चालतं इंजिन अचानक जाम झालं तर चाक अडकणारच. ते अडकलं नाही, म्हणजे क्लच दाबून चाक इंजिनापासून आधीच सोडलेलं होतं. इंजिन जाम होणार हे चालवणाऱ्याला माहीत होतं. तो वाटच बघत होता. आवाज बदलला, यानं क्लच दाबला आणि गाडी कडेला घेतली. मागून टक्कर बसेल, तेवढंच त्याच्या हिशेबात नव्हतं."

एकनाथनं डोळे मिटले.

"एकनाथ, पेट्रोलला तेल अख्खा जिल्हा म्हणतो. तुमच्या घरात म्हणत नाहीत. त्या शब्दापायी तू थापड खाल्लीस. फारूखला 'टाकलं' म्हणालास, तेव्हा तो काय समजणार हे तुला ठाऊक होतं. त्याला तू खोटंही बोलला नाहीस आणि खरंही."

"व्हय," एकनाथ म्हणाला. "म्याच केलं."

"कामून?" काकासाहेबांचा आवाज चिरकला. "चांगला जिंकत व्हतास!"

"म्हणूनच. जिंकलो असतो तर अजून दोन वर्सं. मला भ्या वाटतं, आबा. उडी आली की डोळ्यापुढं काळं व्हतं. तीनदा सांगितलं तुमाला, नको म्हणून. तुमी म्हन्ले, नखरे करू नको."

"मंग हळू चालवायची. हारायचं!"

"हळू चालवली असती तर तुमाला एका वळणात कळलं असतं."

 ते खरंच होतं.

"भ्या," काकासाहेब पुटपुटले. "औताड्याच्या पोराला भ्या."

"लई दिवसांचं हाये," भागूबाई म्हणाल्या. "शर्यतीच्या आदल्या दिवशी ताट जसंच्या तसं सरकवतो. तुमी मिशीला पीळ देत बसता, तुमाला कुठून दिसणार?"

"सिल्लोडच्या पोराचा गुडघा फुटलाय," खरात एकनाथला म्हणाले. "त्याचा जबाब तुला द्यावा लागेल. आणि याचाही." त्यांनी फारूखकडे पाहिलं. "हा सकाळपासून ठाण्याच्या बाकावर बसलाय. तुझं नाव तोंडातून काढलं नाही यानं. तू मात्र त्याला बसू दिलंस."

एकनाथनं फारूखकडे पाहिलं आणि मान भिंतीकडे फिरवली.

काकासाहेबांनी खिशातून फिर्यादीचा कागद काढला, सही न केलेला. चार तुकडे केले. ते टाकायला त्यांना जागा सापडेना, म्हणून मुठीतच धरून राहिले. "फारूख," ते म्हणाले.

फारूख त्यांच्या बाजूनं पुढे गेला आणि खाटेजवळ उभा राहिला.

"तू घाबरतोस ते मला ठाऊक होतं रे," तो म्हणाला. "उडीआधी तुझ्या इंजिनाचा आवाज पडायचा, दोन साल झाले. कुणाला नाही बोललो. तू मला सांगितलं असतंस, तर मी गाडी अशी बंद पाडली असती, की सुरूच झाली नसती. हाड मोडायची गरज नव्हती, ना तुझं, ना त्या पोराचं."

एकनाथचा चांगला हात चादरीवरून पुढे आला. फारूखनं तो पाहिला, पण धरला नाही.

"आबा," तो वळून म्हणाला, "इंजिन मी बांधून देतो. चालवायला दुसरा माणूस बघा. मिस्त्रीसुद्धा."