एकशे सतरावी गोठछबी

सकाळचे सहा वाजले होते. कृष्णाकाठच्या त्या तालमीत लाल माती उकरून झाली होती, बाकीचे मल्ल नदीच्या रस्त्याने धावायला गेले होते आणि हौद्यात एकटा पोलादी मल्ल उभा होता. त्याला सगळे गजा म्हणत. तीन वर्षं सराव त्याच्याशीच चाले, कारण गजा दमत नसे आणि ओळखीपाळखीखातर मुद्दाम चीतपटही होत नसे.

त्याच्या अंगात नुसत्या मोटारी होत्या. डोकं शेजारच्या खोलीतल्या सर्व्हरवर, एका आभासी यंत्रात चालायचं. कुस्ती रंगात आली की ते मन त्या क्षणाला होतं तसं गोठवून साठवलं जाई. ही गोठछबी. असल्या छब्या साचून डिस्क भरते, म्हणून तालमीचा संगणक सांभाळणाऱ्या निवृत्ती कोळेकरने एक स्क्रिप्ट लिहिली होती. ती रोज पहाटे प्रत्येक छबीचं वय मोजायची, सात दिवसांहून जुनी पुसायची आणि निवृत्तीला यादी पाठवायची. निवृत्ती भित्रा, पण मनाने सरळ. एक छबी त्याने पुसण्यातून गुपचूप वगळली होती, आणि स्क्रिप्ट बिचारी रोज तीच कुरकुर करायची. आज तिने लिहिलं होतं: क्रमांक ११७, वय ४०९ दिवस. ती छबी साठवली त्या दिवशी गजाने तालमीतल्या प्रल्हाद मगदूमची मान मोडली होती.

आज निवृत्तीला राहवलं नाही. त्याने ती यादी प्रल्हादच्या बहिणीला पाठवली. वैजयंता स्वतः कुस्तीगीर. ती वीस मिनिटांत दारात उभी राहिली. तालीम चालवणारे हसबे वस्ताद हौद्याशीच होते.

"माझा भाऊ हट्टानं मेला म्हणून गावभर सांगितलंसा, वस्ताद," ती म्हणाली. "सुटायला थाप दिलीच न्हाई म्हणं त्यानं. ती थाप ह्या छबीत असंल का न्हाई?"

हसबे वस्तादांचा चेहरा पडला. "निवृत्ती, पूस ती. आत्ताच्या आत्ता!"

"चालू कर," वैजयंता म्हणाली.

"ताई, ही वाचायची फाईल न्हाई," निवृत्ती कळवळून म्हणाला. "चालू केली की गजा त्याच पकडीत जागा हुतो. समोर अंग नसलं तर पकड सोडून मोकळा. मग काय बी कळायचं न्हाई."

"माझं अंग हाय की."

वस्ताद आडवे आले. तिने त्यांना असं ढकललं की ते मातीत बसकण मारून पडले. निवृत्तीने मनाची समजूत घातली, पडद्यावर थांबवायचं बटण आहे. चारशे नऊ दिवसांचं ओझं वाहून तोही थकला होता.

गजाचे सांधे सावकाश जुन्या जागी वळले. वैजयंताने त्याच्या काखेत मान घातली. तिचा डावा हात त्याच्या पोटाखाली अडकला, उजवा तेवढा मोकळा राहिला. निवृत्तीने शेजारच्या खोलीतून छबी चालू केली.

पकड आवळली. खांदा निखळल्याचा आवाज दारापर्यंत आला. तिच्या नाकातून रक्त उडालं आणि मातीत मुरलं. गजाच्या दंडावर थाप द्यायला तिने हात उचलला, तो पोचेना. पाठीवर पोचेना. पोचत होता फक्त स्वतःच्या मांडीवर. जीव जायला लागला की हात सापडेल तिथे आपटतो. तिने मांडीवर थाप मारली. एक. दोन.

गजाने जोर वाढवला.

पडद्यावर ओळ उमटली: प्रतिस्पर्ध्याने मांडीवर शड्डू ठोकला. आव्हान स्वीकारले.

निवृत्तीने थांबवायचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काही झालं नाही. ते बटण प्रल्हाद गेल्यावर बसवलं होतं, आणि इतक्या जुन्या मनाला त्याची ओळखच नव्हती. सर्व्हर बंद केला असता तर गजाचे हात आहेत तिथेच जखडले असते.

"वस्ताद, हात मोडा त्याचा!" निवृत्ती ओरडला.

वस्तादांनी कोपऱ्यातली पहार उचलली. पहिला घाव निसटला, दुसऱ्याला ठिणग्या उडाल्या, तिसऱ्याला गजाचं कोपर फुटून तेलाची चिळकांडी त्यांच्या तोंडावर आली. वैजयंता सुटून मातीत कोसळली तरी ते थांबेनात. डोक्यावर, छातीवर, जमेल तिथे ते पहार हाणत राहिले आणि हाणता हाणता ढसाढसा रडत होते.

"मीच शिकवलं ह्याला," ते म्हणाले. "जत्रंत शड्डू ऐकला की दुप्पट जोरानं भिडायचं. लोकं टाळ्या पिटायची. प्रल्हाद मांडी बडवत हुता, आन् मला बी शड्डूच वाटला गं. 'शाब्बास पठ्ठ्या' म्हणून वरडलो मी. ध्यानात आलं तवा मान मोडली हुती."

वैजयंताचा हात लोंबत होता. श्वास पुरत नव्हता. "म्हंजे थाप दिली हुती त्यानं."

"दिली हुती, पोरी."

तिला बरं वाटलं आणि त्याच क्षणी वस्तादांचा गळा दाबावासा वाटला. उठता मात्र येईना.

निवृत्ती दारात येऊन उभा राहिला होता. "वस्ताद, त्यानंतर आपण बटण बसवलं. गजातनं शड्डूचा धडा काढला का?"

वस्तादांनी नकारार्थी मान हलवली. "काढला तर सगळ्यास्नी कळलं असतं." मग त्यांनी पहार खाली टाकली. "हेच मन साठ तालमींतल्या असल्याच पोलादी मल्लांस्नी दिलंय."

साडेसहा झाले होते. साठ ठिकाणी सकाळचा सराव सुरू झाला असेल. त्यातला कुणी आत्ता जिवाच्या आकांताने मांडी बडवत असेल, तर त्याला सोडवायला कोण धावेल, आणि शाब्बास म्हणून कोण ओरडेल?