बारा मिलिमीटर

दर चार महिन्यांनी मला शाळा बुडवून मापाला जावं लागायचं. माझा उजवा पाय जन्माचा, तो वाढायचा. डावा गुडघ्याखाली बनवलेला, तो आहे तेवढाच राहायचा. मग मी बदकासारखी डुलायला लागायचे. हे पाय बनवणारे मिस्त्रीकाका कोट डॉक्टरांचा घालतात, पण हात सुताराचे. गेल्या वर्षी एकदा जुना पाय ठेवून घेऊन नवाच द्यायचं त्यांनी ठरवलं होतं, आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

सुरुवातीला या पायाला मी 'पाहुणा' म्हणायचे. दादा रोज सकाळी विचारायचा, "काय गं, पाहुणे उठले का?" रात्री मी पाय काढून कपाटामागे उभा करायचे, दिसायला नको म्हणून. असे आठ महिने गेले. मग एकदा मधल्या सुट्टीत बाकावरच्या मैत्रिणीने चुकून त्याच्यावर पाय दिला आणि मी किंचाळले, "आई गं!" ती बिचारी "सॉरी, सॉरी" करत खाली वाकली. मग दोघींच्या लक्षात आलं आणि आम्ही पोट धरधरून हसलो. करंगळी खरंच ठणकत होती, हे तिला सांगितलं नाही. रबराची करंगळी.

मिस्त्रीकाकांना मात्र सांगितलं.

"होतं तसं," ते म्हणाले. "डोकं एकदा 'माझा' म्हणालं की सुटलो. काही जण जन्मभर म्हणत नाहीत."

त्या दिवसापासून मी दोन-दोन पायऱ्या चढते. वर्गात सगळ्यांच्या आधी हात वर करते, उत्तर येत नसलं तरी! असा पाय कोण परत देईल?

"आई, मी हा देणार नाही हं."

"अगं, फ्रॉक आखूड झाला की बदलतोच ना आपण?"

"हा फ्रॉक नाहीये."

मी अनवाणी उभी राहिले. काकांनी दोन्ही अंगठे माझ्या कमरेच्या हाडांवर टेकवले. मग पातळ लाकडी पट्ट्या घेतल्या. जो पाय आखूड, त्याच्याखाली एकेक पट्टी सरकवायची, कंबर सरळ होईपर्यंत. त्यांनी डाव्या पावलाखाली एक सरकवली. काढली. पुन्हा अंगठे टेकवले.

मग वही उघडली. "उजवा गुडघ्याखाली बारा मिलिमीटर वाढलाय."

"मग डावा कमी कसा नाही पडला?" आईने विचारलं.

काका माझ्याकडे बघत होते. "दुसऱ्या कुणाकडून लांबवून आणलास?"

"शप्पथ नाही, काका!"

"अहो, तुमच्याशिवाय आहे कोण आम्हाला?" आईला राग आला होता.

त्यांनी पाय काढून घेतला, स्क्रू सैल केले आणि आतली नळी बाहेर काढली. ती त्यांनीच कापलेली. टोकाशी त्यांच्या हाताने कोरलेला आकडा होता, २१४. पोलादी मोजपट्टी लावली. दोनशे सव्वीस भरली. दुसरी पट्टी आणली. तेवढीच. नळीवरून नख फिरवून पाहिलं. जोड नव्हता, चीर नव्हती.

पंखा फिरत होता. आई पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

काकांनी नळी टेबलावर ठेवली. अगदी हळू.

"नवा नको ना?" मी विचारलं.

"नको," ते म्हणाले. "चाललंय ते चालू दे."

मी तर त्यांना मिठीच मारली.

त्यानंतर वर्षभर मी मापाला जात राहिले आणि दर वेळी कंबर सरळ निघाली. काकांनी स्क्रूला पुन्हा हात लावला नाही. हल्ली पायाला हात लावण्याआधी विचारतात, "दुखत नाही ना?"

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, हाडं भरली, आता उंची वाढायची नाही. म्हणजे मापाची कटकट संपली! काल शेवटचं म्हणून गेलो.

काकांनी अंगठे टेकवले. पट्टी घेऊन सवयीने डाव्या पावलापाशी बसले.

थांबले.

मग गुडघ्यांवरच सरकत उजवीकडे आले आणि ती पट्टी माझ्या जन्माच्या पायाखाली घातली.

"किती?" आईने विचारलं.

"तीन मिलिमीटर," काका म्हणाले. माझा उजवा बूट त्यांनी जवळ ओढला. "सध्यापुरतं."